बाहेरून कुलूप

सकाळी सहा चौतीसला हिराकाकीचा फोन आला, तेव्हा मी घाटकोपरला घरी डब्याची भाजी फोडणीला टाकत होते.

"मॅडम, दोन मानसं आयली होती," काकी म्हणाली. "किरनला विचारत होती. मी बोल्ले, तो लंडनला हाय. मंग वर जाऊन दरवाजा ठोकला त्यांनी. कुलूप बगितलं, फोटो काढला. आता देवलाजवल कट्ट्यावर बसलीत."

तिला शाबासकी हवी होती, हे आवाजावरून कळत होतं.

"कसली माणसं, काकी? चॅनलवाली?"

"नाय गो. कॅमेरा नाय. एकाकडं पेटी हाय. गल्यात कार्ड."

मी गॅस बंद केला. मोहरी जळून गेली होती.

खारदांड्याच्या त्या गल्लीत, त्या कुलूप लावलेल्या घरात, वरच्या खोलीत किरण झोपलेला आहे हे मला माहीत होतं. तो लंडनला नव्हता, आदल्याच दिवशी परत आला होता. आणि कट्ट्यावर बसलेली ती दोन माणसं डोप टेस्ट घेणारी होती. सात वाजेपर्यंत त्यांना किरण दिसला नाही, तर त्याचं क्रिकेट त्या सकाळीच संपणार होतं.

हे सगळं माझ्यामुळे झालं होतं. कसं, ते सांगते.

मरोळला एका स्पोर्ट्स मॅनेजमेंट कंपनीत मी काम करते. नाव भारदस्त, पण ऑफिस म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसरा मजला आणि खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना. खेळाडूने खेळावं, बाकीचं आम्ही बघायचं, असा आमचा धंदा. व्हिसा, करार, तिकिटं, हरवलेली किटबॅग, सगळं आमच्याकडे. किरण वैतीचं काम तेव्हा नऊ वर्षं माझ्याकडे होतं. डावखुरा स्पिनर, खारदांड्याच्या कोळ्याचा मुलगा. भारताकडून थोडे सामने खेळला, पण बोलिंग जगभर टाकली. इंग्लंडमध्ये कौंटी, वेस्ट इंडीजची बेटं, ढाका, कोलंबो, दुबई. कुठे चेंडू वळायला लागला आणि तिथला स्पिनर दुखावला, की किरणला बोलावणं यायचं आणि तो दुसऱ्या दिवशी विमानात असायचा. लोक त्याची कारकीर्द विकेटींमध्ये मोजतात. मला ती पत्त्यांमध्ये दिसते, कारण तो रोज कुठे आहे हे फॉर्ममध्ये भरायचं काम माझं होतं.

या फॉर्मला व्हेअरअबाउट्स म्हणतात. वरच्या पातळीवरच्या काही खेळाडूंची एक यादी असते. यादीतल्या खेळाडूने रोज रात्री कुठे झोपणार आणि दिवसातला कुठला एक तास कुठे नक्की सापडणार, हे आधीच कळवून ठेवायचं. सुट्टीतसुद्धा, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. तीन महिन्यांचं एकदम भरायचं आणि काही बदललं तर लगेच ॲपवर बदलायचं. त्या तासाला अधिकारी न कळवता येऊ शकतात. खेळाडू सापडला, तर लघवीचा नमुना घेतात. नाही सापडला, तर एक चूक. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या, की दोन वर्षांपर्यंत बंदी. मग त्याने आयुष्यात सर्दीच्या गोळीपलीकडे काही घेतलं नसलं तरी.

बहुतेक जण सकाळी सहा ते सातचा तास देतात. झोपलेला माणूस हमखास सापडतो, हा त्यामागचा हिशेब. आम्हीही तोच द्यायचो.

त्या सकाळी किरणच्या नावावर दोन चुका आधीच होत्या. पहिली त्याची स्वतःची. वेस्ट इंडीजमध्ये वादळामुळे त्याची टीम एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हलली आणि साहेब मला सांगायचं विसरले. दुसरी चूक माझी. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात एकाच नावाची दोन हॉटेलं होती, एक स्टेशनजवळ आणि एक हायवेवर. मी फॉर्ममध्ये हायवेवरचं टाकलं आणि किरण स्टेशनजवळच्यात झोपला. अधिकारी तासभर हायवेवर बसून परत गेले. नोटीस आली तेव्हा किरण फोनवर एवढंच म्हणाला, "होतं यार. पुढचं बघ." तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला मला आपोआप जाग यायला लागली, अलार्मशिवाय.

तो चौतीस वर्षांचा होता. दोन वर्षांची बंदी म्हणजे निवृत्तीच. त्यात पुढच्या आठवड्यात भारतीय संघाचा कॅम्प होता आणि चार वर्षांनंतर त्यात त्याचं नाव आलं होतं.

आता कुलपाचं सांगते.

या सगळ्याच्या दीड वर्ष आधी एका लीगच्या फायनलमध्ये किरणने पाच विकेट काढल्या होत्या आणि तो दांड्याला आईकडे आला होता. त्या आठवड्यात गल्लीत काय झालं ते विचारू नका. चॅनलवाले, सेल्फीवाले, कुणाला तरी क्लबच्या उद्घाटनाला न्यायचं होतं. एक जण तर बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांवर पाय देऊन त्याच्या खिडकीपर्यंत चढला. वलांडी मोडली, बोंबील चिखलात गेले आणि हिराकाकीने त्याला दिलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही. हिराकाकी म्हणजे किरणची चुलती. गल्लीच्या तोंडाशीच तिचं घर, त्यामुळे येणारा-जाणारा आधी तिच्या नजरेतून जातो.

बंदोबस्त करायला ऑफिसने मला पाठवलं. मी काकीच्या ओट्यावर गल्लीतल्या बायकांची मीटिंग घेतली आणि तीन नियम सांगितले. एक, कुणीही विचारलं तरी किरण परदेशी आहे म्हणायचं. कार्ड दाखवू दे, गोड बोलू दे, सगळ्यांना एकच उत्तर. दोन, किरण झोपलेला असेल तर घराला बाहेरून कुलूप. कुलूप बघितलं की माणूस थांबत नाही. तीन, कुणी आलं तर मला फोन. मी त्यांच्याकडून तालीमसुद्धा करून घेतली. मी रिपोर्टर झाले आणि काकीने मला असं काही उडवून लावलं, की सगळ्या हसून हसून वेड्या झाल्या. वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये मी हे माझ्या कामगिरीत लिहिलं होतं, वेगळा मुद्दा करून.

तेव्हा किरणचा फॉर्ममधला पत्ता अंधेरीच्या फ्लॅटचा होता. टेस्टवाले तिथेच जायचे, तिथला वॉचमन त्यांना ओळखायचा. मग त्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बायको मुलीला घेऊन वेसाव्याला माहेरी राहायला गेली, किरणचं सामान दांड्याला आलं आणि मी फॉर्ममध्ये पत्ता बदलला. पिनकोड तपासला. घरनंबर तपासला. ॲपच्या नकाशावरची खूण नीट त्या घरावर आणली. एवढी काळजी घेतली आणि गल्लीला आपण काय शिकवून ठेवलंय, ते मात्र साफ विसरले.

तर सहा चौतीस.

"काकी, नीट ऐका," मी म्हटलं. "ती माणसं खरी आहेत. त्यांना किरण दिसलाच पाहिजे. सात वाजायच्या आत. आत्ता जाऊन सांगा, तो घरात आहे."

"पन तूच बोललेलीस ना, कार्ड दाकवलं तरी..."

"मी चुकले, काकी. आधी जा."

मग काकी एकदम हळू आवाजात म्हणाली, "पोराची वाट लागली काय गो?"

"अजून नाही. कुलूप उघडा."

"चावी त्याच्या आयसकडं. ती बंदरावर गेली मावरं घ्यायला."

किरणची आई पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला जाते आणि आठच्या आधी कधीच परतत नाही. तिचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला, आणि आजूबाजूला पन्नास माणसं ओरडत असतात. मी तरीही तीनदा लावला. किरणचा फोन बंद. तो बंद असणारच होता. परतल्यावर पहिली रात्र तो फोन बंद करतो, डोळ्यांवर पट्टी लावतो, कानांत बोळे घालतो, एसी लावतो आणि बारा तास झोपतो. एवढी वर्षं जगभर फिरून शिकलेली विद्या ती. विमानतळावरच्या बाकावर झोपेल, चालत्या बसमध्ये झोपेल, हॉटेलच्या शेजारी लग्नाचा डीजे चालू असला तरी झोपेल. याचं मला नेहमी कौतुक वाटायचं. त्या सकाळी नाही वाटलं.

नवऱ्याला भाजीचं सांगून मी पायात चपला सरकवल्या आणि खाली पळाले. घाटकोपरहून दांडा पंचवीस मिनिटांत होत नाही हे मला माहीत होतं. पण घरात उभं राहणं मला शक्य नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "खारदांडा? इतक्या सकाळी मच्छी आणायला?" मी म्हटलं, "हो. जरा पळवा."

सहा एक्केचाळीसला काकीने तिचा फोन अधिकाऱ्यांच्या हातात दिला.

"नमस्कार. आपण कोण बोलताय?" अतिशय शांत, शुद्ध मराठी. पुण्याकडचे असावेत.

"सर, मी सुजाता कांबळे. किरण वैतींचं व्हेअरअबाउट्स मी भरते. सर, ते घरातच आहेत."

"या बाईंनी सहा वाजून बारा मिनिटांनी ते लंडनला असल्याचं सांगितलं. मी तशी नोंद केली आहे. दरवाजाला बाहेरून कुलूप आहे. त्याचंही छायाचित्र घेतलं आहे."

"गैरसमज झालाय, सर. मी सांगते ना..."

"कांबळे मॅडम, आपण सांगून उपयोग नाही. मला खेळाडू समोर दिसावा लागतो. मी सात वाजेपर्यंत इथे आहे."

त्यांनी फोन परत दिला. ते चिडले नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. चिडलेल्या माणसाशी बोलता येतं. हा माणूस नुसता लिहून घेत होता.

"काकी, खिडकीवर दगड मारा."

"मारले. ग्रील हाय, एसीचा डब्बा हाय. दोन बायका खालून बोंबलतायत. मुडदा पन उठला असता."

"मग कुलूप तोडा."

"पितलेचं हाय. तूच आनायला सांगितलेलंस ना, मोठं आना म्हनून."

हेही खरं होतं.

रिक्षा कुर्ल्याला एका डंपरमागे अडकली. सहा सेहेचाळीस. गल्लीतले पुरुष होड्या घेऊन समुद्रावर गेलेले, म्हणजे जे काही करायचं ते या बायकांनीच. मी काकीला म्हटलं, घरात लोखंडाचं काय आहे? काकी म्हणाली, कोयता हाय, बर्फाची सली हाय. मासळीसाठी बर्फाच्या लाद्या येतात, त्या फोडायची ती सळई. टोकदार आणि मनगटाएवढी जाड. मी म्हटलं, ती घ्या, आणि कुलपाला मारू नका, कोयंडा उचकटा. हे मला कुठून सुचलं देव जाणे. आमच्या चाळीत लहानपणी किल्ली हरवली की वडील असंच करायचे.

काकीने फोन चालू ठेवून ब्लाऊजमध्ये कोंबला असावा. पुढची दहा मिनिटं मला फक्त आवाज ऐकू येत होते. बाहेरचा जिना चढल्याचे, धापा टाकल्याचे. मग लोखंडावर लोखंड. "धर गो, नीट धर." पुन्हा घाव. कुणीतरी बोट चेचून घेतलं आणि किंचाळलं. मी रिक्षात बसून त्या आवाजांवरून काय चाललंय याचा अंदाज बांधत होते आणि दर अर्ध्या मिनिटाला घड्याळ बघत होते. सहा एक्कावन्न. सहा त्रेपन्न. माझ्या डोक्यात बंदीच्या बातमीचा मथळा तयार झाला होता. त्याखाली काय लिहून येईल हेही माहीत होतं. डोपिंग. लोक पुढचं वाचत नाहीत. पत्ता चुकला, हॉटेल चुकलं, कुलूप लागलं, हे कोण वाचणार? दांड्याचा पोरगा औषधं घेऊन खेळत होता, एवढंच राहणार. आणि त्या गल्लीत मी पुन्हा कधी तोंड दाखवणार होते?

सहा पंचावन्नला लाकूड फाटल्याचा आवाज आला. नंतर पावलं. मग काकीचा आवाज, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा: "किरन! ऊठ मेल्या!"

आणि फोन कट झाला.

मी पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा लावला. उचलला नाही. सहा अठ्ठावन्न. सहा एकोणसाठ. सात वाजले तेव्हा रिक्षा बांद्र्याच्या सिग्नलला उभी होती. मी फोन मांडीवर उलटा ठेवला. मला रडू येत होतं आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. "मॅडम, मच्छी संपली काय?" त्याने विचारलं. बिचाऱ्याने खरंच काळजीने विचारलं होतं.

सव्वासातला मी गल्लीत शिरले. काकीच्या ओट्यावर किरण बसलेला. हाफ पँट, उघडं अंग, कपाळावर डोळ्यांची पट्टी. त्याच्या शेजारी अधिकारी, मांडीवर फॉर्म. दुसरा माणूस किरणपासून दोन हातांवर उभा, कारण एकदा खेळाडू सापडला की नमुना देईपर्यंत त्याला नजरेआड होऊ देत नाहीत. मी कुणाला नमस्कार न करता आधी त्या फॉर्मवर वाकले. 'भेट झाल्याची वेळ' या रकान्यात लिहिलं होतं: सहा सत्तावन्न.

मी तिथेच खाली बसले. ओट्यावर नाही, जमिनीवर, ओल्या फरशीवर.

"सापडलो गं," किरण म्हणाला. त्याला अजून पुरती जाग नव्हती. "स्वतःच्या घरात."

पण अधिकाऱ्यांचं लिहिणं संपलेलं नव्हतं. "कांबळे मॅडम, खेळाडू तासाच्या आत भेटले, त्यामुळे अनुपस्थितीचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "परंतु खेळाडू आत असताना नातेवाइकांनी ते परदेशी असल्याचं सांगितलं. आत माणूस झोपलेला आणि बाहेरून कुलूप. हे मला अहवालात लिहावं लागेल. यात टाळाटाळ होती का, हे वरिष्ठ ठरवतील."

टेस्ट चुकणं वेगळं आणि टाळणं वेगळं. चुकण्याला दोन संधी असतात. टाळायला एकही नाही. जाणूनबुजून टेस्ट टाळली असं ठरलं, तर बंदी चार वर्षांपर्यंत जाते. आणि टाळायला मदत करणाऱ्यालाही शिक्षा असते. म्हणजे मला.

मी बाजूला जाऊन मेहता सरांना फोन लावला. मेहता सर आमचे बॉस.

"टाइम काय टाकलाय?" त्यांनी विचारलं.

"सहा सत्तावन्न."

"झकास. मग काय रडतेस?"

मी टाळाटाळीचं सांगितलं.

"ऐक. फॉर्मवर कमेंट्सचा कॉलम असतो ना? त्यात लिही, शेजारच्या वयस्कर बाईंचा गैरसमज झाला. त्यांना वाटलं तो लंडनलाच आहे. बस. तुझ्या ट्रेनिंगबद्दल एक शब्द नको. कंपनीचं नाव येईल."

"सर, पण काकीला माहीत होतं तो घरात आहे. तिनेच आईला कुलूप लावायला मदत केली."

"ते कोण विचारणार आहे त्यांना?"

मी परत आले. काकीने सगळं ऐकलं होतं, गल्ली केवढी ती. सळई अजून तिच्या हातात होती आणि तळहात सोलवटलेला होता. ती माझ्याजवळ आली.

"माज्यावर टाक," ती म्हणाली. "लिव, म्हातारी खुळी हाय. माजं काय जातंय? मना कोन बॅन करनार?"

खरं सांगते, मी क्षणभर पेन उचललं. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. किरण सुटला असता, कंपनी सुटली असती, मी सुटले असते आणि काकीला खरोखरच कुणी काही केलं नसतं. मग माझं लक्ष तिच्या तळहाताकडे गेलं. या बाईने दीड वर्ष माझा शब्द न् शब्द पाळला होता. नियम चुकीचा निघाला तेव्हा दहा मिनिटांत कोयंडा उचकटून तो मोडलाही होता. त्या सगळ्या प्रकारात आपलं काम चोख केलेली ती एकटीच होती, आणि तिलाच मी खुळी म्हणून लिहिणार होते. मला स्वतःची लाज वाटली.

"किरण," मी म्हटलं, "मी खरं लिहिलं तर तुला त्रास होऊ शकतो. चौकशी लागेल. कॅम्प जाऊ शकतो."

किरण सीलबंद पाण्याची दुसरी बाटली पीत होता. या टेस्टमध्ये सीलबंदच प्यावं लागतं. काकीने आणलेला चहा अधिकाऱ्यांनी नम्रपणे परत पाठवला होता आणि तो अपमान काकी अजून विसरलेली नाही. "काकीला खुळी लिहिलंस ना," तो म्हणाला, "तर मला या घरात जेवायला मिळणार नाही. खरं लिही. लवकर लिही. मला लघवी होत नाहीये, त्याचं टेन्शन वेगळंच आहे."

मी लिहिलं. मराठीतच, कारण इंग्रजीत मला तेव्हा शब्द सुचेनात. किरण परदेशी आहे असं सांगायला आणि बाहेरून कुलूप लावायला गल्लीला मी शिकवलं. ते चाहत्यांसाठी होतं. इथला पत्ता फॉर्ममध्ये टाकताना ती सूचना मागे घ्यायला मी विसरले. खेळाडूला या सूचना लागू असल्याची त्या सकाळी कल्पना नव्हती, तो झोपलेला होता. मिळालेली सूचना श्रीमती हिराबाई वैती यांनी पाळली आणि खरं कळताच कुलूप तोडून खेळाडूला हजर केलं. खाली सही. अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं, घड्याळ बघितलं आणि वेळ टाकली.

नमुना मिळायला साडेनऊ वाजले.

पुढचे पाच आठवडे माझे फार वाईट गेले. जेवण जायचं नाही. ईमेलचा आवाज झाला की हातातलं काम टाकून बघायचे. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला, मग किरणकडून. मेहता सरांनी माझ्याशी बोलणं कामापुरतं केलं. फॉर्म भरायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि मला किटबॅगांच्या कुरिअरवर बसवलं. किरण कॅम्पला गेला होता, पण चौकशी चालू असलेल्या माणसाला संघात कोण घेणार, ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर होती. तो मला रोज एक मेसेज करायचा: "आलं का?" मी लिहायचे, "नाही."

मग एका दुपारी आलं. नमुना स्वच्छ. टाळाटाळ झाल्याचं आढळत नाही. खेळाडूची तिसरी चूक धरलेली नाही. आणि शेवटी एक परिच्छेद माझ्यासाठी होता: खेळाडूच्या प्रतिनिधीने यापुढे कोणालाही खोटी माहिती देण्यास शिकवू नये. मेहता सरांनी त्याचा प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवला. दोन महिन्यांनी फॉर्मचं काम मला परत दिलं, कारण ज्याला दिलं होतं त्याने पहिल्याच महिन्यात किरणला चुकीच्या देशात दाखवलं.

किरणची संघात निवड झाली आणि तो दौऱ्यावर गेला. दोन सामने मिळाले. एकात मार खाल्ला, दुसऱ्यात चार विकेट काढल्या. मी दांड्याला काकीच्या घरी बसून बघितलं. चौथी विकेट पडली तेव्हा काकीने टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या ताटात आणखी एक बोंबील टाकला.

मी गल्लीत पुन्हा मीटिंग घेतली. यावेळी एकच नियम: खरं सांगायचं. काकीने तोही तसाच पाळला. आता कार्डवाला येवो, सेल्फीवाला येवो, नाहीतर पाणी मागायला आलेला कुरिअरवाला, काकी त्याला हाताला धरून थेट वरच्या खोलीत किरणच्या पलंगापाशी नेते. शेवटी किरणनेच खारला भाड्याने फ्लॅट घेतला. तो फ्लॅट मी फॉर्ममध्ये टाकला तेव्हा आधी तिथल्या वॉचमनशी अर्धा तास बोलून आले.

दीड वर्षाने किरणने निवृत्ती घेतली. कागदपत्रं मीच पाठवली. यादीतून नाव काढल्याचं पत्र आलं तेव्हा त्याने फोन केला. "म्हणजे उद्या सकाळी सहाला मी कुठेही असू शकतो?"

"कुठेही," मी म्हटलं. "कुणी विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मला जाग आली, सवयीने. फोनवर त्याचा मेसेज होता: "दांडा. आईचं घर. गच्ची. सात वाजेपर्यंत आहे."

मी तो अजून डिलीट केलेला नाही. या धंद्यात मी शिकलेली गोष्ट एवढीच: फॉर्ममध्ये पत्ता बरोबर लिहिला म्हणजे काम झालं असं नसतं. त्या पत्त्यावरच्या माणसांना आपण काय सांगून ठेवलंय, ते आधी आठवावं. दांड्याच्या त्या दाराला आता नवा कोयंडा आहे. जुना काकीने टाकला नाही. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, किरणने मॅचमधून आणलेल्या चेंडूंच्या शेजारी ठेवलाय.